अधिसभेतील विद्यार्थ्याचे आसन

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे गाव अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन मंदिरामुळे आणि आषाढीच्या वाटेवरील माउलींच्या पालखीच्या मुक्कामामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. परंतु या गावची जी मुले पदवीच्या शिक्षणासाठी सकाळच्या एस.टी.ने अकलूजची वाट धरतात, त्यांच्या शिक्षणाचा कारभार ज्या दप्तरातून चालतो ते विद्यापीठ सोलापूरजवळ केगावला, शंभरेक किलोमीटरवर आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. निकालात एका विषयाचे गुण अपेक्षेपेक्षा कमी पडले की उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज करावा, तिचे शुल्क भरावे, मग पुनर्मूल्यांकनाचा दुसरा अर्ज करावा, आणि तो निर्णय येईपर्यंत पुढच्या परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत संपत आलेली असावी, हा अनुभव ग्रामीण विद्यार्थ्याला नवा नाही. या विलंबाची दाद मागायची ती कोणाकडे, आणि विद्यार्थ्याच्या वतीने ती मागणार कोण, हाच या लेखाचा विषय आहे.

पूर्वी हा जिल्हा १९६२ साली स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या अधिकारक्षेत्रात होता. १ ऑगस्ट २००४ रोजी एकाच जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठ सोलापूरला मिळाले, आणि २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. कोल्हापूरच्या मानाने केगाव निःसंशय जवळ आहे. पण अंतर कमी झाले म्हणून सुनावणी आपोआप होतेच असे नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. त्याप्रमाणे राज्यपाल हे कुलपती, त्यांच्याखाली कुलगुरू, आणि विद्यापीठाच्या अंदाजपत्रकावर, वार्षिक अहवालावर व सर्वसाधारण कारभारावर चर्चा करणारी सभा म्हणजे अधिसभा, जिला लोक सिनेट म्हणतात. या अधिसभेत प्राचार्यांचे दहा, अध्यापकांचे दहा, नोंदणीकृत पदवीधरांचे दहा आणि संस्थाचालकांचे सहा निर्वाचित प्रतिनिधी बसतात, आणि त्यांच्यासमवेत विद्यापीठ विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव यांनाही आसन दिलेले आहे. वर्तमानपत्रांतून सिनेट निवडणुकीची जी धामधूम वाचनात येते ती बहुतांशी पदवीधर गटाची असते, म्हणजे ज्यांनी महाविद्यालय केव्हाच सोडले आहे अशांची. तिला विद्यार्थ्यांची निवडणूक समजण्याचा घोटाळा सुशिक्षितांकडूनही होतो. महाविद्यालयाच्या पातळीवरही विकास समितीत विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्ष-सचिवांना सदस्यत्व आहे. वेळापूरच्या मुलीला केगावपेक्षा हेच आसन अधिक उपयोगाचे. कारण ग्रंथालय किती वाजता बंद व्हावे, मुलींच्या विश्रामकक्षाची दुरुस्ती या वर्षी व्हावी की नाही, आणि शेवटचा तास एस.टी.च्या वेळेआधी संपावा की कसे, याची मसलत तिथेच होण्याजोगी असते.

आसन आहे, प्रश्न त्यावर बसणाऱ्याला कोणी बसवले हा आहे. एके काळी महाराष्ट्रातील महाविद्यालयांत खुल्या निवडणुका होत असत. पुढे त्यांत पैसा शिरला, बाहेरची माणसे शिरली, मारामाऱ्या झाल्या, आणि १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याची हत्या होण्यापर्यंत प्रकरण गेले. पालकांच्या मनात त्या काळी जी भीती बसली ती अकारण होती असे कोणी म्हणू नये. १९९४ च्या कायद्याने मग खुली निवडणूकच बंद केली आणि वर्गात अधिक गुण मिळवणाऱ्याला वर्गप्रतिनिधी नेमण्याची वहिवाट पाडली. सचिवाची निवड या नेमलेल्यांनी आपसात करायची. अशा रीतीने आलेली अनेक मुले सज्जन आणि कर्तबगार होती, यात शंका नाही. परंतु परीक्षेतील गुण अभ्यासाची साक्ष देतात, सहाध्यायांच्या विश्वासाची देत नाहीत. आणि ज्याला कोणी निवडले नाही त्याला कोणी जाबही विचारू शकत नाही.

येथे एक विसंगती मनाला फार लागते. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले. म्हणजे पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी आपल्या मतदारसंघाचा आमदार आणि खासदार निवडतो, एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायतीला स्वतः उभा राहू शकतो. आणि त्याच तरुणाला आपल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडण्याची अक्कल नाही, असे गृहीत धरून आपण एक पिढीच्या पिढी शिकवून बाहेर पाठवली.

विद्यार्थ्यांचा हा सहभाग म्हणजे काही नवीन खूळ नव्हे. अर्जेंटिनातील कोर्दोबा येथे १९१८ साली विद्यार्थ्यांनी उठाव करून विद्यापीठाच्या कारभारात वाटा मिळवला, आणि ती चळवळ अवघ्या लॅटिन अमेरिकेत पसरली. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर समितीने, म्हणजे एका मराठी विधिज्ञाच्या अध्यक्षतेखाली, १९७१ मध्येच विद्यार्थ्यांच्या सहभागाचा पुरस्कार केला होता. निवडणुका शांततेने कशा व्हाव्यात याचेही उत्तर उपलब्ध आहे: जे. एम. लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केल्या, ज्यांत उमेदवाराला पाच हजार रुपयांची खर्चमर्यादा, पंचाहत्तर टक्के हजेरीची अट, वयाची मर्यादा आणि छापील फलकांना मनाई आहे.

२०१६ च्या कायद्याने खुल्या निवडणुकीचा मार्ग पुन्हा मोकळा केला. महिला प्रतिनिधीची आणि आळीपाळीने मागासवर्गीय प्रतिनिधीची तरतूदही केली. २०१९ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या, त्या विधानसभेच्या निवडणुकीमुळे तहकूब झाल्या, आणि त्यामागोमाग महामारी आली. परीक्षा मात्र महामारीतही, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर का होईना, पार पडल्याच. कारण परीक्षेची तारीख विद्यापीठाच्या शैक्षणिक दिनदर्शिकेत असते आणि ती टाळणे कोणाच्या मर्जीवर नसते. विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीची तारीखही त्याच दिनदर्शिकेत, सत्रारंभानंतरच्या एका ठरावीक आठवड्यात, दरवर्षी छापली जावी, आणि ती पुढे ढकलायची झाल्यास कुलगुरूंनी अधिसभेसमोर लेखी कारण द्यावे.