पडद्यावरचें घर

संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याची शब्द तोलून पाहण्याची खोड उतारवयांतहि जात नाहीं. जुन्या घराची सुधारणा करणें या एकाच कामाला आपल्या भाषेंत दोन शब्द आहेत: जीर्णोद्धार आणि नूतनीकरण. पहिल्यांत जुन्याविषयीं ममता आहे. जें खचलें तें वर उचलावयाचें. दुसऱ्यांत जुन्याचा विचारच नाहीं. जें आहे तें नवें करून टाकावयाचें. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या कळमेश्वरच्या घरीं या दोन शब्दांचा मोठा तंटा झाला, आणि त्याचें मूळ होतें दूरचित्रवाणीचा संच. असला तंटा आज पुष्कळ घरीं होत असावा, म्हणून तो वाचकांपुढें मांडतों.

मी जुना अनुबोधपटांचा भक्त. माझ्या विद्यार्थिदशेंत नागपूरच्या चित्रगृहांत मुख्य चित्रपटापूर्वीं फिल्म्स डिव्हिजनचा एखादा माहितीपट दाखवीत. १९४८ सालीं स्थापन झालेली ही सरकारी संस्था आतां राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झाली आहे. तो पट सुरू झाला कीं मित्रमंडळी फुटाणे आणावयास बाहेर जात. मी मात्र जागेवरून हलत नसें. धरण कसें बांधतात, हातमागावर वस्त्र कसें उतरतें, हें मला नायकनायिकांच्या विरहापेक्षां अधिक चित्तवेधक वाटे.

या कलेंत महाराष्ट्राला मान खालीं घालण्याचें कारण नाहीं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली, आणि केंब्रिजला सीनिअर रँग्लर झालेले रघुनाथराव परांजपे १९०१ च्या डिसेंबरांत मायदेशीं परतले, तो स्वागतसमारंभहि टिपून ठेविला. दादासाहेब फाळके यांनीं तर ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधींच, १९१२ च्या सुमारास, एका वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली. अनेक दिवसांची ती वाढ पडद्यावर क्षणांत घडतांना दिसली, आणि त्या लहानशा चित्रानेंच भांडवल पुरविणाऱ्याचें मन वळविलें. जें डोळ्यांना एरवीं दिसत नाहीं, तें दाखविण्यासाठीं दादासाहेबांनीं काळ आखडून घेतला होता.

आतां घरदुरुस्तीच्या कार्यक्रमांकडे वळूं. चिरंजीव पुण्यास नोकरीला असतात. त्यांनीं आम्हां उभयतांच्या करमणुकीसाठीं नव्या पद्धतीचा संच बसवून दिला, आणि आमचे घरीं त्यावर विलायती घरें पाहण्याचा छंद जडला. आरंभीं एक कळकट घर दिसतें; मग हातोडे चालतात, भिंती कोसळतात; आणि पाऊण तासाच्या आंत त्याच जागीं राजवाडा उभा राहून घरधनीण आनंदाश्रु ढाळूं लागते. येथेंहि काळ आखडलेला असतो, पण तो दाखविण्यासाठीं नव्हे, लपविण्यासाठीं! गवंड्याचे दिवस, सुताराचा घाम, चुकलेलें माप, पुन्हां उखडलेली फरशी, वाढत गेलेलें बिल, हें सारें त्या पाऊण तासांत गडप होतें.

सगळेच कार्यक्रम असे आहेत असें म्हणणें अन्यायाचें होईल. अमेरिकेंत १९७९ सालीं बोस्टनच्या सार्वजनिक वाहिनीनें ‘धिस ओल्ड हाउस’ ही मालिका सुरू केली. तिनें प्रथम डॉर्चेस्टर भागांतील एक जुनें घर घेतलें आणि तें दुरुस्त कसें होतें तें प्रेक्षकांना टप्प्याटप्प्यानें समजावून दिलें. इंग्लंडांत १९९९ पासून चाललेल्या ‘ग्रँड डिझाइन्स’मध्यें रखडलेलीं वर्षें आणि फसलेले अंदाजहि दाखवितात. उलट, २००३ ते २०१२ या काळांत अमेरिकेंत गाजलेल्या ‘एक्स्ट्रीम मेकओव्हर: होम एडिशन’ या मालिकेंत गरजू कुटुंबांना आठवडाभरांत प्रचंड घरें बांधून देत. पुढें त्यांतील कांहींजणांना कर आणि विजेचीं बिलें झेपेनात आणि तीं घरें विकावीं लागलीं. दान झालें खरें, पण घेणाऱ्याचें माप कोणी घेतलें नव्हतें.

अनुबोधपटहि स्वार्थापासून मुक्त असतो असें नाहीं. १९३५ सालीं इंग्लंडांत ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ नांवाचा एक लहान पट निघाला. त्यांत लंडनच्या स्टेपनी भागांतील गरीब रहिवासी ओल, उंदीर आणि ढेकूण यांविषयीं कॅमेऱ्यापुढें स्वतःच्या तोंडानें बोलले. त्या काळीं ही गोष्ट अपूर्व होती. मात्र त्याचा खर्च गॅस कंपन्यांच्या संघटनेनें केला होता. नवीं घरें झालीं कीं त्यांत गॅसच्या शेगड्या लागणारच! तथापि त्या माणसांचें दुःख त्यामुळें खोटें ठरत नाहीं. आपल्याकडे आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ या १९८५ च्या पटानें मुंबईंतील झोपड्या पाडल्या जात असतां त्यांत राहणारे काय म्हणतात तें ऐकविलें. तो पाहिल्यावर हातोड्यानें भिंत पाडण्याचें दृश्य करमणूक म्हणून पाहणें मला तरी जड जातें.

अशा विचारांनीं भरलेल्या माझ्या डोक्यावर चिरंजीवांचा प्रस्ताव आदळला: ‘बाबा, माजघर आणि स्वैंपाकघर यांतली भिंत पाडूं, कवेलू काढून स्लॅब टाकूं, आणि अंगणाकडे मोठी काच लावूं.’ मीं स्पष्ट सांगितलें कीं, माझ्या वडिलांनीं उभारलेल्या घराची एक वीटहि हलणार नाहीं. मे महिन्यांत ज्या गांवीं पारा पंचेचाळिसाला भिडतो तेथें काचेची भिंत कसली लावतां? आणि उघड्या स्वैंपाकघरांतून मिरचीच्या फोडणीचा खाट बैठकींत आला म्हणजे पाहुण्यांची काय अवस्था होईल? चिरंजीव निरुत्तर झाले आणि मी मनांतून सुखावलों.

त्या रात्रीं संच चालू होता. आमचे घरीं हळूच म्हणाल्या, ‘अहो, त्या बाईकडे पाहा. इतका वेळ ती स्वैंपाकघरांत वावरते आहे, पण पायरी एकदांहि चढली नाहीं.’

आमचें स्वैंपाकघर माजघरापेक्षां दोन पायऱ्या खालीं आहे. मीं जन्मभर त्या पायऱ्या पाहिल्या, पण त्यांची कधीं मोजदाद केली नव्हती. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्र पुढें धरून मी माजघरांत बसलों आणि पहाटेपासून रात्रीं निजेपर्यंत मोजीत राहिलों. दुखऱ्या गुडघ्यांनीं, भिंतीला हात टेकीत, ती त्रेचाळीस वेळां चढली. याखेरीज रात्रीं पावसांत विहिरीपलीकडच्या संडासापर्यंतची वाट होतीच. जन्मभर अनुबोधपट पाहणाऱ्या मला माझ्याच घरांतला हा बोध व्हावयास छत्तीस वर्षें लागलीं.

मीं स्वतः चिरंजीवांस दूरध्वनि केला. गांवांतील एका वृद्ध गवंड्यानें पाहणी करून सांगितलें कीं, माडीची तुळई त्याच भिंतीवर टेकली आहे. म्हणून भिंत राहिली. कवेलू राहिलें; दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं तें फेरण्याचा परिपाठहि राहिला. स्वैंपाकघराची जमीन मात्र भराव घालून माजघराच्या बरोबरीस आणली. ओट्याची उंची चित्रांतून न घेतां सौभाग्यवतींच्या कोपराशीं मोजून घेतली. संडास निजावयाच्या खोलीलगत आला आणि न्हाणींत धरावयास दांडी बसली. सहा आठवड्यांचें काम चार महिने चाललें आणि खर्च अंदाजाच्या दीडपट झाला. हा भाग पडद्यावर कोणी दाखविणार नाहीं, म्हणून येथें नमूद करतों.

वाचकांना माझें सांगणें इतकेंच: हे कार्यक्रम अवश्य पाहावे, पण पाहतांना खर्च कोणी केला आहे आणि काय दाखविलें नाहीं, हें विचारावें. नंतर संच बंद करून एक दिवस स्वतःच्या घरांत मुकाट्यानें बसावें, आणि कोण किती वेळां वांकतें, कोण किती पायऱ्या चढतें, तें मोजावें. हातोडा त्यानंतर उचलावा.

नव्या ओट्याशीं उभ्या राहून आमचे घरीं आतां पोळ्या लाटतात. परवां मीं विचारलें, ‘कसें वाटतें?’ त्या म्हणाल्या, ‘बरें आहे. पण हें वीस वर्षांपूर्वीं झालें असतें तर?’ या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.