बुडणारं जहाज आपण पुन्हा पुन्हा का बघतो?

ठाण्याच्या वर्तकनगरमधून मी तुमच्याशी बोलतेय. हातातलं काम थांबवू नका. भाजी निवडत, धान्य पाखडत ऐकलंत तरी चालेल. आजचा विषय सिनेमाचा आहे.

आमच्या बचत गटाची बैठक महिन्यातून एकदा होते. हप्ते जमा झाले, वहीत सह्या झाल्या की चहा होतो आणि एखाद्या दिवशी सगळ्याजणी मिळून टीव्हीवर सिनेमा बघतो. गेल्या पावसाळ्यात मी विचारलं, “कोणता लावू?” एकीने ‘द बर्निंग ट्रेन’ सांगितला, दुसरीने ‘टायटॅनिक’. आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या काकू म्हणाल्या, “मला ‘वक्त’मधला भूकंप बघायचाय.” मला हसू आलं. घरात दूध उतू गेलं तरी आपला जीव वरखाली होतो. आणि जळणारी गाडी, बुडणारं जहाज बघायला मात्र आपण मांडी घालून बसतो. असं का बरं होत असेल?

जत्रेतल्या उंच पाळण्यात बसलोय असं समजा. पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो, आपण किंचाळतो, आणि खाली उतरल्यावर पुन्हा तिकीट काढतो. छाती धडधडते ती खरीच. शरीर घाबरतं, पण पट्टा लावलेला आहे हे मनाला ठाऊक असतं. सिनेमाचंही तसंच. आग पडद्यावर असते आणि आपल्या हातात चहाचा कप असतो. हे आपल्या पूर्वजांनाही माहीत होतं. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात जे आठ रस सांगितलेत, त्यांत शृंगार आणि हास्याबरोबर भयानक आणि करुण हेही रस आहेत. भीती आणि दुःख रंगमंचावर आलं की त्याचाही आस्वाद घेता येतो, हे तेव्हापासून मान्य आहे.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. असा सिनेमा बघताना आपण मनातल्या मनात तालीम करत असतो. ‘बर्निंग ट्रेन’ १९८० सालचा. दिल्लीहून मुंबईला निघालेली नवी कोरी वेगवान गाडी, तिचे ब्रेक निकामी केलेले आणि डब्यांत आग. धर्मेंद्र, विनोद खन्ना, जितेंद्र असे सगळे त्यात आहेत. पण आमच्या घरात त्या दिवशी चर्चा काय चालली होती? “आधी पोरांना पुढच्या डब्यात न्यायला हवं.” “चादर ओली करून तोंडावर धरा.” पडद्यावरच्या लोकांना सूचना देता देता आम्ही स्वतःलाच शिकवत होतो.

तिसरं कारण म्हणजे शेवट. खऱ्या संकटात पुढे काय होणार ते कुणालाच कळत नाही. सिनेमा तीन तासांत संपतो. ‘मदर इंडिया’मध्ये पुराने सगळं धुऊन नेलं, तरी राधा गाव सोडून निघालेल्यांना थांबवते आणि शेत पुन्हा उभं राहतं. १९५७ सालचा हा सिनेमा आजही बायका डोळे पुसत बघतात. शेतात पाणी शिरल्यावर काय होतं हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. तिच्या दुःखात आपलंही थोडं रडून होतं. एरवी रडायला वेळ कुठे मिळतो?

काही सिनेमे तर घडलेल्या गोष्टींवरच बेतलेले असतात. १९७५ च्या डिसेंबरात चासनाळाच्या कोळसा खाणीत पाणी घुसलं आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार गेले. चार वर्षांनी आलेल्या ‘काला पत्थर’च्या मागे ती घटना आहे. १९८९ साली राणीगंजच्या खाणीतही पाणी शिरलं, पण तिथे जसवंतसिंग गिल नावाच्या अभियंत्याने जमिनीला भोक पाडून लोखंडी पिंजरा खाली सोडायला लावला. स्वतः आत उतरून त्यांनी ६५ कामगार एकेक करून वर पाठवले. त्यावर २०२३ मध्ये ‘मिशन रानीगंज’ आला.

आता आमची एक चूक सांगते. त्या पावसाळ्यात आम्ही ‘तुम मिले’ही लावला. मुंबईतल्या २६ जुलै २००५ च्या पुरावरचा सिनेमा. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. माझे यजमान कामावरून चालत निघाले ते दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले. त्यामुळे मी मोठ्या हौसेने बघत होते. रस्त्यावर पाणी चढायला लागलं तशी आमची एक वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली. एकीने हाक मारली, “अगं, एवढी कसली घाबरतेस? सिनेमा आहे!” सगळ्या हसल्या. मीही हसले. नंतर आत गेले तर ती ओट्याला धरून उभी होती. तिचं माहेर चिपळूणचं. जुलै २०२१ च्या पुरात तिचे आईवडील रात्रभर माळ्यावर बसून होते आणि फोन लागत नव्हता. ती म्हणाली, “ताई, मला त्या पाण्याचा वास येतो.”

मी टीव्ही बंद केला. पाळण्याचा पट्टा तिच्या कमरेला नव्हता, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. माझे यजमान सुखरूप घरी आले, म्हणून मला तो पूर गोष्टीसारखा बघता येतो. जिची जखम ओली आहे, तिच्यासाठी ती गोष्ट नसते. म्हणून आता आम्ही आधी विचारतो, “हा चालेल ना गं सगळ्यांना?” कुणी उठून गेली तर तिला हाक मारत नाही. एकजण तिच्यासोबत जाऊन बसते.

सिनेमे आणखी एका बाबतीत फसवतात. त्यांत एक नायक सगळ्यांना वाचवतो आणि बाकीचे लोक एकमेकांना तुडवत सैरावैरा पळतात. आपत्तींचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र बहुतेक ठिकाणी उलटंच दिसलंय. लोक सहसा एकमेकांना धरून राहतात आणि मदतीला पहिल्यांदा शेजारीच धावतात. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली. उल्हास नदीचं पाणी रुळांवर आलं होतं, चहूकडे तळं झालं होतं. गाडीत हजाराच्या वर माणसं, त्यांत नऊ गरोदर बायका. गाडीतून खाली उतरू नका असं प्रवाशांना सांगितलं गेलं, आणि लोक थांबले. सकाळी आसपासचे गावकरी मदतीला आले, आपत्ती दलाच्या बोटी आल्या आणि दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर निघाले. यात धर्मेंद्र कुणीच नव्हता. धीर धरून बसलेली माणसं होती आणि दोरी धरणारे पुष्कळ हात होते.

म्हणून मैत्रिणींनो, असे सिनेमे बघा, मजेत बघा. फक्त सिनेमा संपल्यावर चहा घेता घेता एक प्रश्न एकमेकींना विचारा, “हे आपल्याकडे झालं तर?” आम्ही विचारला, तेव्हा कळलं की रेशनकार्ड, बँकेचं पासबुक आणि गटाची वही कुणीच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली नाही. आमच्या आळीत एक आजी अंथरुणाला खिळून आहेत, त्यांना उचलून कोण नेणार हेही ठरलेलं नव्हतं. आता दोघींची नावं ठरली आहेत. तुमच्या गावात उंचावरची जागा कोणती, शाळा की देऊळ, तिची किल्ली कुणाकडे असते, हे तुम्ही ठरवून ठेवा. पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन अशा मदतीसाठी ११२ आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी १०७७ हे दोन आकडे गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आमच्या त्या वहिनीने गेल्या बैठकीला स्वतःच सिनेमा सुचवला. म्हणाली, “तो ‘बर्निंग ट्रेन’ पुन्हा लावा. आगीचा चालेल मला, पाण्याचा नको.” आम्ही तोच लावला, आणि शेवटी गाडी थांबली तेव्हा सगळ्यात आधी टाळी तिनेच वाजवली.