माळावरचें काळवीट आणि रायफलीची निवड

हरिणाच्या शिकारीसाठीं रायफल कोणती घ्यावी, हा प्रश्न एके काळीं शिकारीचा नाद असलेल्या घरांतून मोठ्या तावातावानें चर्चिला जात असे. कोणी जर्मन माउझरचा कैवार घेई, कोणी इंग्रजी बी. एस. ए. ची बाजू मांडी. आणि ज्याच्याजवळ केवळ बाराची दुनळी बंदूक असे तो म्हणे कीं, हात स्थिर असला म्हणजे झालें. आज हा वाद खरेदीपुरता उरलेला नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळवीट आणि चिंकारा या दोघांनाहि पहिल्या अनुसूचींत स्थान दिलें. २०२२ सालच्या दुरुस्तीप्रमाणें अशा प्राण्याच्या शिकारीस तीनपासून सात वर्षेंपर्यंत कैद आणि निदान पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. तरीहि तो जुना वाद समजून घेण्यासारखा आहे. रायफलीची निवड म्हणजे नेमकें काय, हें उलगडलें म्हणजे मराठवाड्याच्या माळावरचीं काळविटें कां विरळ झालीं, याचें निदान अर्धें उत्तर हातीं लागतें.

परभणी जिल्ह्याचा बराच भाग सपाट आहे. गोदावरी, दुधना आणि पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन, तींत ज्वारी आणि कापूस, आणि मधून मधून मुरमाड माळ. डोंगर काय तो जिंतूरच्या बाजूस. अशा मुलुखांत हरिण म्हणजे काळवीट. शास्त्रीय दृष्ट्या तें हरिणाच्या कुळांतलें नव्हेच. चितळ, सांबर यांच्या नरांचीं शिंगें फांदीदार असतात आणि तीं गळून पुन्हा नवीं येतात. काळविटाचीं शिंगें मळसूत्रासारखीं पिळदार, बिनफांद्यांचीं आणि जन्मभर टिकणारीं. पण बोलीभाषेनें हा भेद कधीं मानला नाहीं. शिकाऱ्याच्या दृष्टीनें महत्त्वाचा भेद वजनाचा. काळविटाचा पुरा वाढलेला नर साधारण पस्तीस-चाळीस किलो भरतो, चिंकारा त्याहून बराच लहान, आणि सांबराचा मोठा नर दोनशें किलोंच्याहि वर जातो. जंगलांतल्या सांबरासाठीं जी रायफल योग्य, ती माळावरच्या काळविटासाठीं योग्य असेलच असें नाहीं, हें यावरूनच दिसेल.

दुसरी गोष्ट अंतराची. वाघ झाडींत दडतो, सांबर रात्रीं वावरतें. काळवीट उघड्यावर, भर उन्हांत, सर्वांच्या देखत उभें असतें. त्याचें संरक्षण म्हणजे त्याची दृष्टि आणि त्याचे पाय. तासाला ऐंशी किलोमीटरांच्या घरांत धांवूं शकणाऱ्या या प्राण्याला लपण्याची गरजच नव्हती. शत्रु दुरून दिसावा आणि मधलें अंतर कायम राहावें, एवढें त्याला पुरे. काळविटाच्या शिकारीचा सारा इतिहास हा या अंतरावर मात करण्याचा इतिहास आहे.

बंदुकीच्या आधीं हें अंतर युक्तीनें तोडीत. फासेपारधी शिकवलेल्या गाईच्या वा बैलाच्या आडून, तिला चरत चरत पुढें नेत, कळपाच्या वाटेवर फासे मांडीत. कोल्हापूर दरबारीं पाळीव चित्ते होते. विसाव्या शतकांत तर ते आफ्रिकेहून आणविले जात. डोळ्यांवर टोपी चढविलेला चित्ता गाडीवरून कळपाजवळ नेऊन सोडीत. (भारतांतून चित्ता नामशेष झाल्याचें १९५२ सालीं जाहीर झालें.) बंदूकवाला शिकारी साध्या बैलगाडीच्या आडोशानें चाले, कारण रोजच्या पाहण्यांतल्या गाडीला काळवीट फारसें बुजत नाहीं. या सर्व पद्धतींत एक गोष्ट समान होती: जवळ जाण्यास कसब लागे आणि बहुधा अपयश येई.

मागच्या दारानें रायफल आली आणि हा हिशेब पालटला. छऱ्याच्या बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळींत पेंचदार खांचा असतात. त्यांमुळें गोळी स्वतःभोवतीं गरगर फिरत बाहेर पडते आणि भोंवऱ्याप्रमाणें आपली दिशा सोडीत नाहीं. बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास. इंग्रजी रायफलींत तो इंचाच्या हजारांशांत सांगतात. ३१५ बोअर म्हणजे एका इंचाचे हजार भाग केले असतां त्यांतले ३१५, अर्थात् आठ मिलिमीटर. छऱ्याच्या बंदुकीचा आंकडा मात्र उलट्या चालीचा. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या, तर त्यांतील एका गोळीएवढा व्यास तो बारा बोअर. म्हणून तेथें वीसापेक्षां बाराची नळी मोठी. नवशिक्या गिऱ्हाइकाची या दोन आंकड्यांत हमखास गफलत होई.

आतां हें ३१५ कोठून आलें? इंग्रजी फौजेची रायफल ३०३ ची. फौजेचें काडतूस प्रजेच्या हातीं पडूं नये, या धोरणानें तो व्यास हिंदुस्थानांत सामान्य परवानेवाल्यास बंद होता. परभणी त्या काळीं निजामाच्या राज्यांत. परंतु बंदरें इंग्रजांचीं असल्यामुळें विलायती माल येई तो त्यांच्याच चाळणींतून. मग बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कंपनीनें आपल्या लष्करी धाटणीच्याच रायफलीला आठ मिलिमीटरची नळी बसविली, आणि ती हिंदुस्थानच्या बाजारांत ३१५ या नांवानें खपूं लागली. मौज अशी कीं, हें काडतूस मूळचें ऑस्ट्रियाच्या फौजेचें. आपल्या फौजेचें काडतूस निषिद्ध, परक्या फौजेचें चालेल! विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ४५० च्या रायफली अशाच बंद झाल्या, तेव्हां विलायतेच्या कारखानदारांनीं ४६५, ४७० असे चमत्कारिक आंकडे बाजारांत आणले. हिंदी शिकाऱ्याच्या हातांतील रायफलीचा व्यास अशा रीतीनें जनावराकडे पाहून ठरला नव्हता. तो सरकारच्या संशयानें ठरला होता. स्वातंत्र्यानंतरहि ईशापूरच्या सरकारी कारखान्यानें हीच ३१५ पुढें चालविली, आणि ३०३ आजहि सामान्य परवान्यावर मिळत नाहीं.

या ३१५ ची तुलना २७५ शीं केली म्हणजे निवडीचें मर्म कळतें. २७५ म्हणजे माउझरचें सात मिलिमीटरचें काडतूस, लंडनच्या रिग्बी कंपनीनें इंग्रजी वेषांत आणलेलें. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ सालीं मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांस भेट मिळालेली रायफल याच व्यासाची होती. ३१५ ची गोळी २४४ ग्रेन वजनाची, आणि ती नळींतून सेकंदास सुमारें दोन हजार फूट वेगानें सुटते. २७५ ची गोळी १४० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ निम्म्या वजनाची. पण तिचा वेग सेकंदास सुमारें सत्तावीसशें फूट. वेगाचा वर्ग करून वजनानें गुणलें तर दोन्ही गोळ्यांची तोंडची शक्ति सारखीच निघते. मग फरक कशांत? वाटेंत.

नळींतून सुटलेली प्रत्येक गोळी त्याच क्षणापासून खालीं पडूं लागते. हातांतून सुटलेला दगड पडावा तशीच. जिला पोंचण्यास वेळ अधिक, ती अधिक पडते. दोन्ही रायफलींची माशी शंभर यार्डांवर बिनचूक बसविली आहे असें समजूं. दोनशें यार्डांवर २७५ ची गोळी नेमाच्या खालीं सुमारें अर्धा फूट लागेल, आणि ३१५ ची सुमारें एक फूट. काळविटाच्या देहांत हृदय आणि फुफ्फुसें यांची जागा पुढच्या खांद्याच्या किंचित् मागें, फार तर वीतभर. अर्धा फूट खालीं गेलेली गोळी छातीच्या खालच्या कडेस लागेल; एक फूट खालीं गेलेली पाय तरी मोडील किंवा मोकळीच जाईल. अनुभवी माणूस अंतर ओळखून तितका वर नेम धरतो, हें खरें. परंतु ज्या माळावर झाड नाहीं, भिंत नाहीं, तेथें अंतर ओळखावें कशावरून? चैत्र-वैशाखांत तर जमिनीवरची तापलेली हवा थरथरत असते आणि कळपाचे पाय पाण्यांत बुडाल्यासारखे दिसतात. मृगजळ मृगालाच फसवितें असें नाहीं.

म्हणून जाणत्यांचा कौल हलक्या गोळीच्या, वेगवान् रायफलीला पडे: २७५ ला. मान्लिखर-शोनाउअरची २५६ हीहि सुटसुटीत म्हणून नांवाजलेली होती, पण तिची गोळी लांब व वजनदार असून वेग कमी. वाघासाठीं घेतलेली ३७५ काळविटावर चालविणें हा निव्वळ उधळेपणा. तिची शक्ति वरील दोघींच्या जवळजवळ दुप्पट. आणि तिच्या दस्त्याचा धक्का खांद्याला असा बसतो कीं, कच्चा नेमबाज चाप ओढण्यापूर्वींच डोळे मिटतो. मोठी गोळी वाईट नेमाची भरपाई करते, हा समज शिकारींत फार जुना आणि फार चुकीचा आहे.

पण खरा अनाचार मोठ्या बोअरनें झाला नाहीं, तो अपुऱ्या हत्यारानें झाला. बहुतेकांजवळ होती ती बाराची बंदूक. एल. जी. वा एस. जी. च्या काडतुसांत मोजके मोठे छरे असतात. चाळीस यार्डांपलीकडे ते असे पांगतात कीं, एखादा पोटांत, एखादा मांडींत, बाकीचे हवेंत. काळवीट तेवढें जवळ येऊं देत नाहीं, म्हणून बार साठ-सत्तर यार्डांवरून टाकला जाई. २२ ची चिमुकली रायफलहि अशीच. ४० ग्रेनची तिची गोळी पक्ष्याला वा सशाला पुरेशी. अशा बारानंतर जनावर जागीं पडत नाहीं. तें कळपाबरोबर धांवतें, मागें राहतें, आणि कोठें तरी ज्वारींत शिरून तासांनीं किंवा दिवसांनीं मरतें. शिकारी मात्र ‘हुकली’ म्हणून घरीं जातो. रायफलीच्या निवडीला नैतिक बाजू असेल तर ती हीच आहे. बाकीचा वाद हौसेचा.

आणखी एक अडचण नेमाच्या पलीकडची. हुकलेली किंवा देहांतून आरपार गेलेली गोळी कोठें जाते? नळी वर उचललेली असतां रायफलीची गोळी तीन किलोमीटर वा त्याहूनहि दूर जाऊं शकते. कठीण जमिनीला चाटून उसळी घेते ती निराळीच. जिंतूरकडे टेकडी पाठीशीं घेऊन बार टाकतां येईल. गोदाकांठच्या सपाटींत हरिणाच्या मागें टेकडी नसते. तेथें मेंढरें असतात, कापूस वेंचणाऱ्या बायका असतात, आणि तुरीच्या आड असलेलें पुढचें गांव असतें. काळविटासाठीं उत्तम ठरणारी रायफल त्या गांवासाठीं उत्तम नव्हेच. सपाट शेतीच्या मुलुखांत जवळून, खालच्या दिशेनें टाकलेला बार तेवढा निर्धोक म्हणतां येईल; आणि काळवीट जवळ येऊं देत नाहीं, हें तर वर सांगितलेंच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी जीपगाड्या बाजारांत स्वस्त झाल्या, आणि उरलेलें अंतर एका दमांत संपलें. दिवसा कळपाच्या बरोबरीनें गाडी धांवे. रात्रीं दिव्याच्या झोतांत डोळे चमकले कीं बार निघे. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत आलें, पण माळावरची ही पद्धत त्यानें थांबली नाहीं. काळविटाची दृष्टि आणि पाय या दोन्ही गोष्टी निरुपयोगी ठरल्या. सर्व दोष रायफलीच्या माथीं मारणें मात्र न्यायाचें नव्हे. जायकवाडीचा डावा कालवा परभणीपर्यंत आला, माळ नांगराखालीं गेले, आणि उघड्या गवतावर जगणाऱ्या प्राण्याला गवतच उरलें नाहीं. महाराष्ट्रांत आज काळविटासाठीं राखलेल्या जागा म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यांतील रेहेकुरी आणि वाशीम जिल्ह्यांतील कारंजा-सोहोळ अशीं थोडींच नांवें घेतां येतात.

जेथें कळप टिकून आहेत तेथें ते आतां कोंवळीं पिकें खातात, आणि शेतकऱ्याचा संताप खोटा नाहीं. तथापि पीक खाल्लें म्हणून काळवीट मारण्यास परवानगी मिळूं शकत नाहीं. पहिल्या अनुसूचींतील प्राणी मनुष्याच्या जिवास धोका करीत असेल, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक तसा लेखी हुकूम देऊं शकतात. शेतकऱ्याला मार्ग उरतो तो वनखात्याकडे नुकसानीचा पंचनामा करवून भरपाई मागण्याचा. रोही आणि रानडुक्कर यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याबाबत पिकाच्या नासधुशीसाठीं लेखी परवाना मिळूं शकतो, आणि तेथें तो जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. दोनशें किलोंच्या रोह्यावर बाराचे छरे टाकणें म्हणजे काळविटावरच्या जुन्या पापाची मोठ्या मापानें उजळणी.

आजोबांची ३१५ ज्या घरीं अद्याप आहे, त्यांनीं तिच्याकडे निव्वळ आठवण म्हणून पाहूं नये. परवाना हा माणसाच्या नांवाचा असतो, बंदुकीचा नव्हे. धनी वारल्यावर वारसानें स्वतःचा परवाना काढावा लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्यतः एका परवानेवाल्यास दोनांहून अधिक हत्यारें ठेवतां येत नाहींत. परवाना नसेल तर ती रायफल पोलीस ठाण्यांत किंवा परवानेवाल्या विक्रेत्याकडे जमा केली पाहिजे.