नमुना कुठून घेतला?

‘मुंबई हायचे जुने प्लॅटफॉर्म मोडले, तर त्यांचं भंगार आपल्या भट्ट्यांत चालेल का?’ जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वाचकाचा हा प्रश्न. समुद्रापासून इतक्या लांबच्या गावातून तो यावा याची गंमत वाटली. पण विचारण्याचा हक्क जालनेकरांचाच. भंगार वितळवून सळई काढण्यात या गावाचा हात कोण धरणार?

उत्तर ‘हो’ असं आहे. मात्र त्यासाठी प्लॅटफॉर्म आधी किनाऱ्यावर यायला हवा, आणि तेच एके काळी ठरलेलं नव्हतं.

मुंबई हायमधून तेल येऊ लागलं ते मे १९७६ मध्ये. त्याच वर्षी उत्तर समुद्रात शेल कंपनीची ‘ब्रेंट स्पार’ ही तेलाची तरंगती टाकी उभी राहिली. वजन १४,५०० टन. पुढे ती निकामी झाली, तेव्हा अटलांटिकच्या तळाशी बुडवून मोकळं व्हायचा बेत झाला. ब्रिटिश सरकारनेही मान डोलावली. ३० एप्रिल १९९५ रोजी ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचे कार्यकर्ते तिच्यावर चढून बसले. जर्मनीत लोकांनी शेलच्या पंपांकडे पाठ फिरवली. २० जूनला कंपनीने बेत सोडला.

इथवरची गोष्ट सगळेच सांगतात. मला तिचा पुढचा भाग जास्त आवडतो. आत ५,५०० टन तेल आहे, असं ग्रीनपीसने सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्यांचा नमुना टाकीतला नव्हताच, टाकीकडे जाणाऱ्या नळीतला होता! आपल्या मोंढ्यातला अडत्यासुद्धा पोत्याच्या तोंडाशी असलेली ज्वारी पाहून भाव करत नाही. टोकदार नळी पोटात खुपसून मधला दाणा काढतो. सप्टेंबरात ग्रीनपीसने जाहीर माफी मागितली. स्वतंत्र तपासणीत तेल निघालं ते शंभर टनांच्या आसपास.

मग आंदोलन खोटं होतं का? मला तसं वाटत नाही. आकडा चुकला, पण समुद्र म्हणजे कुणाचा उकिरडा नव्हे, हा मुद्दा खराच होता. १९९८ मध्ये ईशान्य अटलांटिकभोवतालच्या देशांनी असे सांगाडे समुद्रात टाकण्यावर बंदी घातली. फार अवजड सांगाड्यांच्या पायथ्यांना वगैरे तेवढी सवलत ठेवली. ब्रेंट स्पारचे कापलेले तुकडे नॉर्वेत एका धक्क्याच्या पायात बसले. आपल्याकडेही समुद्रातल्या ताप्ती क्षेत्रातले पाच प्लॅटफॉर्म अलीकडे काढले गेले. ओएनजीसी आणि रिलायन्सबरोबर त्यात भागीदार कोण, तर बीजी ग्रुप विकत घेतलेली तीच शेल!

आता भट्टीकडे येऊ. तेलाबरोबर खारं पाणीही वर येतं. त्यातलं किरणोत्सारी रेडियम बेरियम सल्फेटच्या थराबरोबर नळ्यांच्या आत बसतं, बोअरच्या पाण्याने हीटरच्या कॉइलवर क्षार चढतो तसं. वितळवताना ते पोलादात उतरत नाही, स्लॅगमध्ये जातं. म्हणजे सळई सुटते. स्लॅग उपसणारा कामगार मात्र सुटत नाही. शिवाय भंगाराला जन्मदाखला नसतो, आणि खच्चून भरलेल्या ट्रकमध्ये आजूबाजूचं लोखंडच किरणांना अडवतं. गेटवरच्या किरणोत्सार मोजणाऱ्या मीटरने ‘सगळं ठीक’ म्हटलं, तरी तेवढ्यावर विसंबू नये. तेलक्षेत्रातली नळी दिसली की ती वेगळी काढून मीटर तिच्या तोंडाशी धरावा.

ब्रेंट स्पारवर नमुना नळीतून घेतला, ही चूक झाली. जालन्यात तो नळीतूनच घ्यावा लागेल.