ब्रिटनमधील श्रमिक लेखक कार्यशाळा

श्रमिक लेखक कार्यशाळा हे १९७० च्या दशकात ब्रिटनमधील कामगारवस्त्यांत सुरू झालेले प्रौढांचे लेखनगट होत. लहानपणी शाळा सोडावी लागलेल्या किंवा प्रौढपणी अक्षरओळख झालेल्या स्त्री-पुरुषांनी येथे आपले काम, घर, वस्ती व बालपण यांविषयी लिहिले, ते गटात वाचून दाखवले आणि स्वतःच्याच प्रयत्नाने पुस्तकरूपात छापले. कविता व कथाही या गटांत लिहिल्या जात. तथापि आत्मकथन आणि स्थानिक इतिहास हे त्यांचे ठळक लेखनप्रकार ठरले. आधी लेखन शिकावे व मग छापावे, हा रूढ क्रम या कार्यशाळांनी नाकारला. वाचकासाठी लिहीत असतानाच माणूस लिहायला शिकतो, ही त्यांची मूळ भूमिका होती.

पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये प्रौढशिक्षणाची परंपरा जुनी आहे. ऑक्सफर्ड येथील रस्किन कॉलेज १८९९ मध्ये, तर कामगार शैक्षणिक संघ १९०३ मध्ये स्थापन झाला. रस्किन कॉलेजात इतिहासकार राफाएल सॅम्युअल यांनी १९६७ पासून ‘इतिहास कार्यशाळा’ भरवल्या. तेथे कामगार विद्यार्थी आपल्याच व्यवसायाचा आणि गावाचा इतिहास शोधून मांडत. कामगाराचे जीवन हा अभ्यासाचा विषय असेल, तर तो लिहिण्याचा अधिकार कामगारालाही आहे, हा विचार त्यातून दृढ झाला.

दुसरी प्रेरणा साक्षरता मोहिमेची होती. सुमारे २० लाख प्रौढांना नीट लिहिता-वाचता येत नाही, असा अंदाज १९७४ च्या सुमारास मांडला गेला. १९७५ मध्ये बीबीसीने ‘ऑन द मूव्ह’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू केली; तीत बॉब हॉस्किन्स यांनी वाचता न येणाऱ्या, सामान वाहून नेणाऱ्या कामगाराची भूमिका केली. वर्गात येणाऱ्या प्रौढांना देण्याजोगी पुस्तके मात्र फारशी नव्हती. लहान मुलांची वाचनमाला त्यांच्या हाती देणे अवमानकारक वाटे. त्यामुळे शिकणाऱ्यांचे स्वतःचे लेखन हेच वाचनसाहित्य म्हणून वापरले जाऊ लागले. नवशिक्या लेखकांच्या मजकुराचे ‘राइट फर्स्ट टाइम’ हे वृत्तपत्र १९८५ पर्यंत निघत होते.

प्रमुख गट

लंडनच्या हॅकनी भागात १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘सेंटरप्राइज’ या केंद्रात पुस्तकांचे दुकान, उपाहारगृह, साक्षरता वर्ग आणि प्रकाशन एकाच छताखाली होते. टॅक्सीचालक रॉन बार्न्स यांचे ‘अ लायसन्स टू लिव्ह’ (१९७४) हे आत्मकथन याच केंद्राने प्रसिद्ध केले.

ब्रायटन येथील ‘क्वीनस्पार्क’ची सुरुवात १९७२ मध्ये एका आंदोलनातून झाली. क्वीन्स पार्कमधील जुन्या इमारतीत जुगारगृह काढण्यास रहिवाशांचा विरोध होता. आंदोलनासाठी काढलेल्या पत्राला पुढे पुस्तक-प्रकाशनाची जोड मिळाली. सुतारकाम करणारे ॲल्बर्ट पॉल यांच्या बालपणीच्या आठवणींचे पुस्तक १९७४ मध्ये निघाले. लिव्हरपूलमधील स्कॉटलंड रोड येथील लेखकगट आणि मँचेस्टरमधील ‘गेटहाउस’ हेही या चळवळीतील उल्लेखनीय गट होत. १९७६ मध्ये अशा गटांनी एकत्र येऊन ‘श्रमिक लेखक आणि सामुदायिक प्रकाशक महासंघ’ स्थापन केला.

कार्यपद्धती

कामाची पद्धत गटागटांनुसार बदलत असे, तरी पुढील टप्पे सामान्यतः आढळतात.

सांगणे : ज्याला लिहिणे जड जाई, तो आपला अनुभव तोंडी सांगे. शिक्षक तो त्याच्याच शब्दांत उतरवून घेई किंवा ध्वनिमुद्रित करून नंतर लिहून काढी. स्वतःचेच वाक्य समोर आल्यामुळे ते वाचणे सोपे जाई.

वाचून दाखवणे : मजकूर गटात मोठ्याने वाचला जाई. श्रोते प्रश्न विचारत : मजुरी किती मिळे, हत्यार कोणते होते, दिवस किती वाजता सुरू होई? ‘फार हाल काढले’ यासारखे मोघम विधान अशा प्रश्नांमुळे तपशिलात उतरे. गद्यलेखनाचे हे मुख्य शिक्षण होते.

पुनर्लेखन : मिळालेल्या प्रतिसादानुसार मजकुरात भर घालणे वा काट मारणे हे काम लेखक करी, अंतिम निर्णयही त्याचाच मानला जाई.

छपाई : टंकलेखन, मांडणी व विक्री यांत सदस्यांचाही वाटा असे. नवसाक्षर वाचकांसाठीच्या पुस्तकांत ओळ अर्थाच्या तुकड्यावर तोडण्याची पद्धतही अवलंबली गेली.

भाषा आणि संपादन

शुद्धलेखन सुधारावे काय आणि बोलीतील रूपे ठेवावीत काय, हे वारंवार उपस्थित होणारे प्रश्न होते. मजकूर प्रमाण भाषेत आणला तर लेखकाचा आवाज हरपतो. जसाच्या तसा छापला तर वाचक लेखकालाच हसण्याची भीती असते. एकच नियम सर्वांना लागू करण्याऐवजी लेखकाशी चर्चा करून निर्णय घेण्याकडे कल होता.

साहित्यमूल्याचा वाद

महासंघाने ग्रेट ब्रिटनच्या कला परिषदेकडे अनुदान मागितले, तेव्हा परिषदेच्या साहित्य विभागाने या लेखनाला पुरेसे साहित्यमूल्य नसल्याचे कारण देऊन प्रथम नकार दिला. सामाजिक कार्य म्हणून हे उपक्रम स्तुत्य असतील, पण ते साहित्य नव्हे, असा त्याचा मथितार्थ होता. साहित्याचे निकष कोण ठरवतो आणि कोणाच्या जीवनावरून ठरवतो, असा प्रतिप्रश्न महासंघाने केला. ही भूमिका ‘द रिपब्लिक ऑफ लेटर्स’ (१९८२) या ग्रंथात मांडलेली आहे.

चळवळीवर आतूनही टीका झाली. जुन्या वस्तीच्या आठवणी गतकाळाच्या गोडव्यात बुडतात आणि वर्तमानातील अन्याय मागे पडतो, हा त्यातील एक आक्षेप. शिवाय आत्मकथनात जोडीदार, शेजारी, मुकादम अशी खरी माणसे येतात. छोट्या वस्तीत ती सहज ओळखू येत असल्याने काय लिहावे याइतकेच काय वगळावे, हाही प्रश्न लेखकापुढे असे.

उत्तरकाळ

महासंघाचे काम २००७ मध्ये थांबले, तर ‘सेंटरप्राइज’ २०१२ मध्ये बंद झाले. महासंघाच्या प्रकाशनांचा संग्रह लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठात जतन केला आहे. सुतार, टॅक्सीचालक, गृहिणी अशा लोकांनी लिहिलेली ही पुस्तके आज विसाव्या शतकातील ब्रिटिश कामगारजीवनाच्या इतिहासाची साधने ठरली आहेत.