सकाळी साडेआठचा पाऊस

२६ जुलै २००५चा मुंबईतला पाऊस हवामान खात्याच्या नोंदीत २७ जुलैच्या रकान्यात आहे. ही चूक नव्हे, रीत आहे. आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि आधीच्या चोवीस तासांत जो पडला तो मोजल्या दिवसाच्या नावावर लिहितात. मंगळवारी दुपारपासून ज्या पाण्यानं लोकल, मोटारी आणि माणसं जिथल्या तिथं अडकवली, त्याचा आकडा म्हणून बुधवारचा. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर. आणि कुलाब्याला? पंचाहत्तरसुद्धा नाही.

दोन्ही वेधशाळा एकाच शहरातल्या, मध्ये वीस-पंचवीस किलोमीटरचं अंतर. त्या रात्री गुडघाभर पाण्यातून घरी चालत आलेल्या माणसाला कुलाब्याचा आकडा सांगितला असता तर तो अंगावर धावून आला असता, आणि तरी तो आकडा बरोबरच होता. पर्जन्यमापक फक्त स्वतःच्या तोंडात पडलेलं पाणी मोजतो, शेजारच्या वॉर्डाशी त्याला काही देणंघेणं नसतं. त्या प्रलयानंतर महापालिकेनं शहरभर स्वयंचलित केंद्रं बसवली ती यासाठीच. सह्याद्रीत तर हा फरक रोजचाच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि घाट उतरून वाईला आलं की त्याहूनही कितीतरी कमी. 'सातारा जिल्ह्यात सरासरी इतका पाऊस' या बातमीतून यांतल्या कोणत्याच गावाला स्वतःचा पाऊस कळत नाही.

म्हणून घरचा पर्जन्यमापक. हा छंद स्वस्त आहे, रोज पाच मिनिटांचा आहे, आणि फार थोड्यांना जमतो, कारण त्यात करायचं थोडं आणि न बदलायचं फार असतं.

पावसाच्या बाबतीत आपल्याला आठवणीवर भारी भरवसा. 'असा पाऊस आयुष्यात पाहिला नाही' हे वाक्य दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, आणि तेच माणूस तीन वर्षांपूर्वीही ते म्हणालेलं असतं. पूर आठवतो, लग्नात कोसळलेला वळीव आठवतो. जुलैत पडलेला अठरा दिवसांचा खंड कोणाला आठवत नाही. खरं तर शेतकऱ्याकडं नोंदीची चौकट पिढ्यान् पिढ्या तयार आहे. मृगापासून हस्तापर्यंत नऊ नक्षत्रं, प्रत्येकी तेरा-चौदा दिवसांचा कप्पा. मृग कोरडा गेला, आर्द्रा बरसल्या, तरण्यानं हात दिला, म्हाताऱ्यानं झोडपलं, असं बोललंही जातं. कमी पडतो तो फक्त आकडा. वहीत तारखेच्या शेजारी नक्षत्राचा एक रकाना ठेवला तर वीस वर्षांनी आपल्या गावच्या पुनर्वसूबद्दल ठामपणे बोलता येईल. पंचांगातल्या वाहनांचीही परीक्षा आपोआप होईल. यंदा म्हैस होती की बेडूक, आणि पाणी किती पडलं, हे समोरासमोर मांडून बघायला हरकत नाही. निकाल काय लागेल याचा माझा अंदाज आहे, पण वही भरल्याशिवाय तोही सांगू नये.

मोजायची कल्पना इथं परकी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी हातभर तोंडाचं कुंड पाऊस मोजायला ठेवायला सांगितलंय, आणि प्रदेशवार पावसाचं मानही दिलंय. अपरान्ताच्या, म्हणजे आपल्या कोकणाच्या, पावसापुढं मात्र त्यानं हात टेकलेत: तिथला पाऊस मोजदादीपलीकडचा! हेतू शुद्ध व्यवहाराचा, कुठं काय पेरायचं आणि सरकारच्या पदरात काय पडायचं याचा.

हौशी माणसांच्या जोरावर पाऊस मोजण्याचं सर्वांत मोठं काम मात्र इंग्लंडमध्ये झालं. जॉर्ज सायमन्स या तरुणानं १८६०मध्ये १६८ ठिकाणच्या नोंदी गोळा करून छापल्या. त्याआधीची काही वर्षं तिकडं कोरडी गेली होती आणि पाऊस खरंच कमी होतोय का, याचं उत्तर कोणाकडं नव्हतं. सायमन्सनं वर्तमानपत्रांतून पत्रं लिहून मोजणारे मिळवले: पाद्री, डॉक्टर, जमीनदार, माळी. १९००मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या जाळ्यात साडेतीन हजारांच्या आसपास निरीक्षक होते. पाच इंची तोंडाचा सायमन्स पर्जन्यमापक याच माणसाच्या नावाचा. आपल्याकडच्या तहसील कचेऱ्यांच्या आवारात तो कित्येक दशकं उभा होता. पुढं २०२०च्या टाळेबंदीत ब्रिटनमधल्या जुन्या पावसाच्या नोंदींचे पासष्ट हजार हस्तलिखित तक्ते संगणकात चढवायचं आवाहन झालं, तेव्हा सोळा हजार स्वयंसेवकांनी घरी बसून सोळा दिवसांत बावन्न लाख आकडे उतरवून काढले. ते आकडे मुळात लिहिणाऱ्यांतले बरेचसे असेच हौशी लोक होते.

आता वहीकडं वळू. पर्जन्यमापक म्हणजे नरसाळं, खाली बाटली, आणि मोजायला काचेचं मोजपात्र. आपल्या हवामान खात्याचा नेहमीचा फायबरचा पर्जन्यमापक १०० किंवा २०० चौरस सेंटिमीटर तोंडाचा असतो. यातली गोम अशी की मोजपात्रावरच्या रेघा त्या-त्या तोंडासाठीच आखलेल्या असतात. दोनशेच्या तोंडात १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी, शंभरच्या तोंडात १०. मोजपात्र फुटलं म्हणून दुकानातून शंभरचं आणलं आणि दोनशेच्या नरसाळ्याखाली वापरलं, तर त्या दिवसापासून गावात दुप्पट पाऊस पडायला लागतो!

विकत घ्यायचा नसेल तर सरळ उभ्या काठाचं कोणतंही भांडं चालतं. हिशेब सोपा. तोंडाचा व्यास २० सेंटिमीटर असेल तर तोंडाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. सकाळी पाणी ६२८ मिलिलिटर भरलं तर भागिले ३१४, म्हणजे २ सेंटिमीटर. २० मिलिमीटर पाऊस. बादलीत पट्टी बुडवून मात्र वाचू नये. बादली खाली निमुळती असते, त्यामुळं पट्टी पाऊस वाढवून सांगते. पाणी मापानंच मोजायचं आणि तोंडाच्या क्षेत्रफळानं भागायचं. उघड्या भांड्यात दुपारच्या उन्हानं पाणी उडतं, म्हणून नरसाळं हवंच.

जागा हा सगळ्यांत कटकटीचा विषय. भांड्याचं तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर. त्याच्या खाली असेल तर जमिनीवरचे शिंतोडे आत उडतात, फार वर नेलं तर वारा थेंब पळवतो. जवळचं झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक हवा. शहरात अशी जागा मिळणं कठीण, मग गच्ची. गच्चीवर वारा कठड्यावरून भोवरा घेऊन येतो, तेव्हा मापक कठड्यापासून दूर, मध्यावर ठेवावा आणि 'गच्चीवर, चौथा मजला' असं वहीच्या पहिल्या पानावर लिहावं. त्याच पानावर चारी दिशांचा कच्चा नकाशा काढावा: कोणतं झाड किती पावलांवर, किती उंच. पंधरा वर्षांनी हे पान आकड्यांहून मोलाचं ठरतं. अंगणात लावलेलं आंब्याचं कलम तोवर घराएवढं झालेलं असतं, आणि नैर्ऋत्येचा पाऊस त्याच्या आड अडकतो. नोंदी बघणारा म्हणतो, गावचा पाऊस घटला. घटलेला नसतो, आंबा वाढलेला असतो.

वेळ साडेआठचीच का? जगभरच्या वेधशाळा ग्रीनिचच्या ठरावीक वेळांना नोंदी घेतात, त्यातली पहाटे तीनची वेळ आपल्याकडं साडेआठला येते. तुम्हाला सात सोयीचे असतील तर सात. पण मग सातच, आणि तेही पहिल्या पानावर लिहिलेलं. एक दिवस सातला आणि दुसऱ्या दिवशी दहाला मोजलं तर महिन्याची बेरीज जुळेल, पण रोजच्या आकड्यांना अर्थ उरणार नाही, आणि 'चोवीस तासांतला सर्वाधिक' तर नाहीच.

खरी शिस्त कोरड्या दिवशी लागते. पाऊस नाही पडला, तर ०.० लिहायचं. मोजलंच नाही, तर आडवी रेघ. भुरभुर झाली, नरसाळं ओलं झालं पण मोजण्याएवढं पाणी नाही, तर 'अंशमात्र'. गावाला गेलात आणि तीन दिवसांचं पाणी एकदम मोजलं, तर तिसऱ्या दिवशी बेरीज आणि शेजारी 'तीन दिवसांचा' असा शेरा. अंदाजानं तीन भाग करून वाटायचं नाही. रिकामी जागा सर्वांत वाईट. ती शून्य आहे की विसर, हे पुढच्या माणसाला कधीच कळत नाही. हवामान खातं २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस धरतं, आणि तुमच्या वर्षातले बहुतेक दिवस तर शून्याचेच असणार. महाराष्ट्रात फेब्रुवारीत रोज उठून शून्य लिहिणारा माणूसच अवकाळीची गारपीट नीट नोंदवतो. बाकीच्यांचा मापक तेव्हा माळ्यावर असतो.

तापमानाच्या नादाला पहिल्या वर्षी लागू नये असं माझं मत. तापमापक उन्हात ठेवला की तो हवेचं नाही, स्वतःचं तापमान सांगतो. त्यासाठी जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, झडपांच्या भिंतींची, पांढरी लाकडी पेटी लागते, आणि तिचं दार उत्तरेला. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश इंजिनिअरची. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा रॉबर्ट लुई हा त्याचा मुलगा. मोटारीच्या काचेमागं ४७ अंश दिसतात ते मोटारीचे.

स्वयंचलित यंत्रं आता घरोघरी परवडतात. त्यांच्यात सी-सॉसारखी डुलणारी छोटी पात्रं असतात, एक भरलं की कलंडतं आणि यंत्र एक खूण मोजतं. मिनिटामिनिटाचा पाऊस त्यातून मिळतो आणि भांडं ते देऊ शकत नाही. पण धो-धो पावसात पात्र कलंडण्याच्या क्षणी पडलेलं पाणी निसटतं, म्हणजे नेमक्या मोठ्या पावसात यंत्र कमी सांगतं. शिवाय मुंग्या, कोळ्याचं जाळं, पालीची घाण. यंत्र घ्यावं, पण शेजारी साधं भांडंही असू द्यावं. आणि जुना मापक बदलायची वेळ आली तर अख्खा एक पावसाळा जुना-नवा शेजारी ठेवून दोघांचे आकडे लिहावेत. नव्याचा फरक किती, हे मग कळतं. नाहीतर वहीत त्या वर्षापासून दुसऱ्याच गावचा पाऊस सुरू होतो.

एवढं करून उपयोग काय, हा प्रश्न घरातून येतोच. सरकारदरबारी या वहीला वजन नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. अतिवृष्टीसाठी चोवीस तासांत ६५ मिलिमीटरचा निकष महसूल मंडळातल्या मापकावर लागतो, तुमच्या बांधावरच्या नाही. मंडळाचं केंद्र दहा किलोमीटरवर आणि ढग नेमका तुमच्या शिवारात फुटला, तर तुमची वही फक्त तुम्हाला खरं सांगते. तरीही विहिरीच्या पाण्याची पातळी याच वहीत महिन्यातून एकदा लिहिली, तर किती पावसाला विहीर किती चढते हे तीन-चार वर्षांत हाती येतं, आणि ते कोणत्याच मंडळात मिळत नाही. हिवरे बाजारात गावाचा पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि रब्बीत काय घ्यायचं ते त्यावरून ठरतं. कौटिल्याच्या कुंडाचं कामही याहून वेगळं नव्हतं.

शिवाय कोणती नोंद कधी कामाला येईल याचा नेम नाही. जॉर्ज अ‍ॅडमसन आणि डेव्हिड नॅश या दोघा ब्रिटिश संशोधकांनी १७८१पासूनच्या मुंबईतल्या मान्सूनच्या आगमनाच्या तारखा जुळवल्या, त्या जुन्या रोजनिश्या, पत्रं आणि वर्तमानपत्रं चाळून. 'आज पाऊस सुरू झाला' एवढं लिहिणाऱ्याला दोनशे वर्षांनी कोणी आपली रोजनिशी उघडेल याची कल्पना नसणार.

हवामानाची सरासरी तीस वर्षांची धरतात. सध्या जगभर १९९१ ते २०२० हा काळ चालतो. तेवढा धीर आपल्याला नसेल तर मधल्या काळासाठी एक उद्योग आहे. दर महिन्याची आपली बेरीज जवळच्या सरकारी केंद्राच्या बेरजेशेजारी लिहायची. ती जुळावी म्हणून नाही, जुळणार नाहीच. पण दोन्हींतला फरक वर्षानुवर्षं साधारण एकाच प्रमाणात राहायला हवा. तुमच्याकडं नेहमी दीडपट पडत असेल तर दीडपटच. हे प्रमाण अचानक बिघडलं तर आधी नरसाळ्यात अडकलेलं पान बघायचं, मग बाटलीची चीर, मग शेजारच्या इमारतीचा नवा मजला. हवामानबदलाचा नंबर त्यानंतर.