बालकांच्या कोरड्या त्वचेसाठी घरगुती खोबरेल मलम
(बसवनगुडी व परिसरातील मराठी कुटुंबांसाठी)

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. पौष लागला की येथील हवा कोरडी होऊ लागते, आणि हा कोरडेपणा मार्चपर्यंत टिकतो. या काळात बालकांचे गाल, कोपर व नडग्या खरखरीत होतात आणि खाज सुटते. खाजवल्याने त्वचेला भेगा पडतात व त्यांतून जंतूंना वाट मिळते.

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात पेशी विटांप्रमाणे रचलेल्या असून त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य चुन्याचे काम करते. बालकांमध्ये हा थर पातळ असल्याने शरीरातील पाणी लवकर उडून जाते. तेल त्वचेला पाणी पुरवत नाही. आहे ते पाणी अडवते. आपल्याकडील अभ्यंगात तेल स्नानापूर्वी लावतात आणि उटण्याने किंवा साबणाने त्यातील बरेचसे धुऊन निघते. कोरड्या त्वचेसाठी हा क्रम उलटा करावा. कोमट पाण्याने पाच ते दहा मिनिटांत स्नान आटोपावे, अंग टॉवेलने केवळ टिपावे आणि त्वचा ओलसर असतानाच मलम लावावे. रात्री निजण्यापूर्वी पुन्हा एकदा लावावे.

मलम करण्याची रीत

शुद्ध खोबरेल तेल 100 ग्रॅम व मधमाश्यांचे शुद्ध मेण 10 ग्रॅम घ्यावे. दोन्ही एका कोरड्या भांड्यात घालून ते भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावे. थेट आचेवर ठेवू नये. मेण विरघळताच मिश्रण उतरवून स्वच्छ, पूर्ण कोरड्या बरणीत ओतावे. बालकास चुलीपासून दूर ठेवावे. खोबरेल तेल 24 अंशांच्या खाली आपोआप थिजते, म्हणून येथील हिवाळ्यात मेण नसले तरी अडत नाही. मलम कोरड्या चमच्यानेच काढावे व दोन महिन्यांत संपवावे. प्रथम हाताच्या आतील बाजूस थोडेसे लावून दोन दिवस पाहावे. लाली किंवा पुरळ आल्यास वापरू नये.

यात कोरफडीचा गर, गुलाबपाणी, दूध किंवा साय घालण्याचा मोह आवरावा. पाण्याचा अंश शिरला की बरणीत जंतू व बुरशी वाढतात, आणि ते भेगाळलेल्या त्वचेवर चोळले जातात. लिंबू व सुगंधी अर्क त्वचेची आग करतात. कापूर तर कदापि घालू नये. खोबरेल तेलात कापूर घालून बाळाच्या छातीला चोळण्याची प्रथा अनेक घरांत आहे. परंतु कापूर त्वचेतून वा पोटातून शरीरात गेल्यास लहान बालकास झटके येऊ शकतात.

कार्तिकातील अखेरच्या सोमवारी दोड्ड बसवण्णाच्या मंदिरापाशी कडलेकाई परिषे भरते आणि घरोघरी शेंगा येतात. त्या आनंदाने खाव्यात. मात्र शेंगदाण्याचे तेल बालकाच्या भेगाळलेल्या त्वचेला लावू नये. ब्रिटनमधील बालकांविषयी 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांच्या सुजलेल्या त्वचेवर शेंगदाणा तेलयुक्त मलमे वापरली गेली होती, त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी अधिक आढळली. मोहरीचे व ऑलिव्हचे तेलही टाळावे; त्यांनी वरचा थर आणखी कमकुवत होतो.

मलम करण्यास सवड नसेल तर औषधाच्या दुकानातील सुगंधरहित पेट्रोलियम जेली तितकीच उपयोगी आहे. घरी केलेलेच लावले पाहिजे, असे मुळीच नाही. दोन्हींबाबत एक दक्षता आवश्यक आहे : तेलकट झालेले कपडे चटकन पेट घेतात, तेव्हा मलम लावलेल्या बालकास समई व शेगडीजवळ जाऊ देऊ नये.

वैद्यकीय तपासणी केव्हा करावी

त्वचेतून पाणी किंवा पू येत असेल, पिवळी खपली धरली असेल, ताप असेल किंवा खाजेमुळे बालक रात्री झोपत नसेल, तर मलमावर विसंबून दिवस घालवू नयेत. घरात इतरांनाही रात्री खाज येत असल्यास ती खरूज असू शकते, आणि तिचा उपचार सर्वांनी एकाच वेळी घ्यावा लागतो. गोल, कडा उठलेला चट्टा बहुधा नायट्याचा असतो. फिकट व स्पर्श न कळणारा चट्टा दिसल्यास, तो खाजत नसला तरीही, विलंब न करता तपासून घ्यावा. जवळच्या नम्म क्लिनिकमध्ये किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाताना बालकास लावत असलेले मलम वा तेल सोबत न्यावे. त्यात काय आहे, हे वैद्यकीय अधिकाऱ्यास पाहता येईल.